निळीचं बूच

हॉर्न बंद पडला हे मी बायकोच्या आधी शेजाऱ्यांना सांगितलं, तिथेच घोडं पेंड खाऊन बसलं. शहाण्या माणसानं गाडीचं झाकण गुपचूप उघडावं, हात गुपचूप काळे करावेत आणि गुपचूप साबणानं धुवावेत. मी मात्र जिन्यापाशी उभं राहून, एका हातात दुधाची पिशवी सांभाळत, चारचौघांसमोर मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "काही नाही हो, साधा फ्यूज उडालाय. चुटकीसरशी बसवतो." चारचौघांत नेमके सभापती होते. सभापती हे वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचं टोपणनाव. इमारतीच्या मीटिंगला शेवटपर्यंत ते एकटेच बसतात म्हणून पडलेलं. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही बसवणार?" त्या 'तुम्ही'नंतर माघार घेणं मला शक्यच नव्हतं.

निळी ही माझ्या सासऱ्यांची गाडी. एकेकाळी खरंच निळी होती. आता जिथे रंग शिल्लक आहे तिथे निळी आहे. सासरे गेल्यावर ती कागदोपत्री माझ्या मेहुण्याच्या नावावर झाली, पण उभी राहिली आमच्या दारात, कारण मेहुण्याच्या दारात त्याची नवी गाडी उभी होती. आता निळीच्या नोंदणीची मुदत संपत आली होती. जुनी गाडी तपासणीला न्यायची. पास झाली तर रस्त्यावर, नापास झाली तर भंगारात. मेहुण्यानं फोनवर स्पष्टच सांगितलं, "ताई, पास झाली तर तुझ्या नावावर करून देतो, कायमची तुझी. नाही झाली तर मी भंगारवाल्याला घेऊन येणार. मग रडायचं नाही हं."

बायको रडली नाही. "बाबांनी मला हिच्यावरच चालवायला शिकवलं," एवढंच म्हणाली आणि भांडी घासायला उभी राहिली. आतून भांड्यांचा जो काही आवाज आला, त्यावरून मला कळलं की निळी पास झालीच पाहिजे.

म्हणून मी कंबर कसली. गाडी धुतली, काचा पुसल्या, सीटखालचे बिस्किटांचे तुकडे काढले. मग माझं लक्ष बुचाकडे गेलं. डॅशबोर्डच्या मध्ये सिगारेट पेटवायच्या लायटरचं भोक असतं, तिथे सासऱ्यांनी लाकडाचं एक बूच तासून ठोकून बसवलं होतं. सासऱ्यांना सिगारेटचा भयंकर तिटकारा. मेहुणा कॉलेजात असताना एकदा गाडीत बसून त्या लायटरवर सिगारेट पेटवताना सापडला. सासऱ्यांनी लायटर उपटून फेकून दिला आणि भोकाला बूच मारलं. पोराला मारलं नाही, बूच मारलं. पण परिणाम तोच झाला म्हणतात. त्यांची हॉर्न वाजवायची एक पद्धत होती, दोनदा आखूड आणि मग एकदा लांब. खाली तो हॉर्न वाजला की वर मेहुण्याच्या हातातली सिगारेट खिडकीबाहेर जायची, असं बायको अजून हसत सांगते.

पण मला वाटलं, तपासणीला जायचं तर गाडी जरा आजच्या काळातली दिसली पाहिजे. मी स्क्रू-ड्रायव्हरनं ते बूच उचकटून काढलं, भोकात मोबाइलचा चार्जर खुपसला आणि बूच कचऱ्याच्या डब्यात टाकलं. बायकोनं ते डब्यातून उचललं, पदराला पुसलं आणि पर्समध्ये ठेवलं. एक शब्द बोलली नाही. याला मी संमती समजलो. इतकी वर्षं संसार करूनही माणूस किती कोरा राहू शकतो बघा.

चार्जर मस्त चालला. दुसऱ्या दिवशी चोराच्या भीतीनं तो घरी काढून ठेवला आणि मी एकटाच निळी घेऊन तपासणी कार्यालयात तारीख घ्यायला गेलो. कागदपत्रांच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. माझी सगळी नोकरी आवक-जावक विभागात चालली आहे. मी प्रत्येक कागदाच्या प्रती वेगळ्या लावल्या होत्या, प्रत्येक गठ्ठ्याला चकचकीत नवी यू-पिन. खिडकीतल्या कारकुनानं गठ्ठा हातात घेतला आणि मेलेला उंदीर धरावा तसा दोन बोटांत लटकवला.

"यू-पिना चालत नाहीत."

"का हो?"

"कागदाला गंज लागतो. टॅग लावून आणा, दोऱ्याचा. शुक्रवारी गाडीसोबतच आणा."

"पण माझ्या कार्यालयात तर..."

"मग तुमच्या कार्यालयात द्या."

मागच्या रांगेतलं कोणीतरी हसलं. मी तिरीमिरीत गाडीत येऊन बसलो आणि गठ्ठ्यांच्या पिना उपसून डॅशबोर्डवर भिरकावायला लागलो. प्रत्येक पिनेला त्या कारकुनाच्या खानदानातला एकेक माणूस वाहिला. मन शांत झाल्यावर हाताला लागल्या तेवढ्या पिना गोळा करून खिशात घातल्या, कारण राग आला म्हणून स्टेशनरी वाया घालवायचे संस्कार आमच्या विभागात नाहीत. आणि घराकडे येताना पहिल्याच वळणावर हॉर्न दाबला तर वाजला नाही. वायपरही मेला, आतला दिवाही मेला. तिथून पुढे ते जिन्यापाशी उभं राहून फुशारकी मारणं वगैरे.

निळीचा फ्यूज बॉक्स स्टिअरिंगच्या खाली, पेडलांच्या वर, माणसाचा हात जाऊ नये अशा बेतानं बसवलेला आहे. तिथे पोचायचं तर डोकं क्लचपाशी आणि पाय दाराबाहेर, अशा अवस्थेत उताणं पडावं लागतं. त्या संध्याकाळपासून सगळी इमारत माझ्या पायांशी बोलायला लागली. "काय, जमतंय का?" असं विचारायचे आणि उत्तर यायच्या आत पुढे जायचे. सभापती तर माझ्या चपलेला उद्देशून तासभर व्याख्यान देऊन गेले. झाकणावर कुठला फ्यूज कशाचा याची आकृती असते म्हणे. आमची आकृती पुसून गेली होती. मग मी एकेक फ्यूज उपटायचा आणि बायकोनं बाहेरून ओरडायचं, असा कार्यक्रम सुरू झाला.

"दिवे गेले!"

"हा?"

"रेडिओ गेला! अहो, बातम्या चालू होत्या, लावा परत!"

या पद्धतीनं मला निळीची आतडी न् आतडी पाठ झाली. हॉर्न, वायपर, आतला दिवा आणि ते लायटरचं भोक, सगळे एकाच निळ्या फ्यूजवर पोसलेले होते, आणि त्याची आतली तार तुटली होती. मी नवा निळा फ्यूज बसवला. टक्. गेला. दुसरा बसवला. टक्. तिसरा बसवताना मी डोळे मिटून घेतले, तरी टक्. आता नुसता फ्यूज नाही, इभ्रत उडत होती, कारण बाहेर माझ्या पायांभोवती बरीच मंडळी जमली होती आणि प्रत्येक 'टक्'ला "अरेरे" म्हणत होती.

"तुम्ही फ्यूज बदलताय, तिथेच चुकताय," सभापती म्हणाले. "फ्यूज कमजोर असतो म्हणून उडतो. त्याला चांदीचा कागद गुंडाळा. चॉकलेटचा असतो ना, तो. मग बघतो कसा उडतो!"

बायको म्हणाली, "अहो, असलं काही करू नका. फ्यूज उडतो तो आपल्या भल्यासाठीच ना?"

तिचं बरोबर होतं हे मला तेव्हाही कळलं. पण एका बाजूला बरोबर असणारी बायको आणि दुसऱ्या बाजूला जमलेली मंडळी, अशा वेळी पुरुषाचं डोकं चालत नाही. मी चांदीचा कागद गुंडाळून फ्यूज बसवला. टक् झालं नाही. "बघा!" सभापती ओरडले. मग डॅशबोर्डच्या पोटातून धुराची एक बारीक रेघ वर आली, पाठोपाठ जळक्या प्लॅस्टिकचा वास, आणि मी क्लचपाशी अडकलेलं डोकं सोडवायच्या आत सभापती जिन्याकडे धावले.

आमच्या जिन्यात आग विझवायचा एक लाल नळा टांगलेला आहे. सभापतींनीच मीटिंगमध्ये भांडून तो आणवला होता आणि तेव्हापासून बिचारे एखादी आग लागायची वाट बघत होते. आता त्यांना कोण अडवणार? मी बाहेर येऊन बॉनेट उघडलं, बॅटरीची वायर ओढून काढली, धूर थांबला, "थांबा, थांबा" म्हणून मी हात हलवत पुढे झालो, आणि नळ्यातली सगळीच्या सगळी पांढरी भुकटी माझ्यावर, निळीवर आणि थोडी बायकोवर येऊन पडली. नळा रिकामा होईपर्यंत सभापती थांबले नाहीत. शेवटी कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "वाचलात! आता हा भरून आणायची जबाबदारी तुमची, मीटिंगमध्ये ठराव करू."

बायको घरात गेली. भांड्यांचा आवाज आला नाही. मला खरं सांगायचं तर त्या शांततेची भीती वाटली. ही गाडी गेली तर माझ्या हातानं जाणार होती, आणि मग आयुष्यभर आमच्या घरात कोणी मला काही बोललं नसतं. नुसतं बघितलं असतं.

सकाळी मी निमूट शरण गेलो आणि गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या मिस्त्रीला बोलावलं. त्याला सगळे करंट मास्टर म्हणतात. मास्टरनं पांढऱ्या गाडीकडे पाहिलं, बॉनेटवर बोटानं आपल्या दुकानाचा फोन नंबर लिहिला आणि कामाला लागला. जळलेली वायर बदलली, तेवढं एक काम त्याचं खरं. बाकी त्यानं पुढचे दिवे उघडले, मागचे उघडले, दारं उघडली, हॉर्न काढून कानाला लावून बघितला आणि फ्यूज लावला. टक्. मास्टर खूप वेळ आकाशाकडे बघत राहिला.

"गाडीचं वय झालंय," तो म्हणाला.

"म्हणजे नेमकं काय झालंय?"

"वयच झालंय. सगळं वायरिंग बदलावं लागेल. पुढच्या आठवड्यात बघू, सध्या फार गडबड आहे."

"अहो, तपासणी उद्या आहे!"

"मग उद्या तपासून तर या," असं म्हणून मास्टर गेला. मला वाटतं, हा मनुष्य पूर्वी आमच्याच विभागात असावा.

शुक्रवारी सकाळी मी बायकोला म्हणालो, "राहू दे, तारीख वाढवून घेऊ." ती म्हणाली, "मुदत आज संपतेय. वाढवून कोण देणार? चला. गाडी मी चालवते."

"आणि हॉर्न?"

"हॉर्न तुम्ही."

मला आधी वाटलं ती चिडून बोलतेय. ती चिडूनच बोलत होती, पण म्हणणंही तेच होतं. अशा रीतीनं, आवक-जावक विभागाचा मुख्य लिपिक असलेला मी, पांढरा शर्ट घालून, खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळत, भर बाजारातून "ओ काका, बाजूला! ओ सायकल! सरका, सरका!" असं ओरडत गेलो. लोक हॉर्नला जेवढे सरकत नाहीत तेवढे मला सरकत होते, हे कबूल केलं पाहिजे. सिग्नलला शेजारी एक मोठी काळी गाडी येऊन थांबली, काच खाली झाली, आणि आत आमचे मोठे साहेब. मी त्यांच्याकडे आजारपणाची रजा टाकली होती.

"बरं वाटतंय?" साहेबांनी विचारलं.

"घसा बसलाय, सर," मी म्हणालो. घसा खरंच बसला होता.

तपासणीच्या मैदानात गाड्यांची लांब रांग होती. प्रत्येक गाडीपाशी तपासनीस यायचा, दिवे, ब्रेक, वायपर, हॉर्न बघायचा आणि हातातल्या पाटीवर खूण करायचा. आमच्या आधीच्या एकाला नुसत्या वायपरवरून बाहेर काढलं. मी घाम पुसत होतो. बायकोनं पर्स उघडली आणि लाकडाचं ते बूच बाहेर काढलं.

"हे आता कशाला?" मी म्हणालो.

"बाबांनी लावलं होतं. नापास व्हायची तर होऊ दे, पण बाबांच्या गाडीसारखी होऊ दे." मी मान दुसरीकडे वळवली.

तिनं बूच भोकात घातलं. ते आत जाईना. दाबलं, पिळलं, तळहातानं ठोकलं. अर्धं गेलं आणि अडलं.

"आत काहीतरी आहे," असं म्हणून तिनं केसांतली पिन काढली आणि भोकात घालायला निघाली.

"अगं वेडी आहेस का? लोखंड आहे ते! शॉक बसेल!"

"फ्यूज उडालाय ना?"

"हो."

"मग करंट कुठून यायचा?"

आठवडाभर वीज या विषयात बुडालेला मी बाजूला सरकलो. तिनं पिन आत फिरवली, काहीतरी खरवडल्यासारखं वाजलं, आणि हळूच, मासा गळाला लागावा तशी, केसांच्या पिनेला अडकून एक वस्तू बाहेर आली. चकचकीत. नवी. यू-पिन.

ती पिन तिनं उजेडात धरली. मग पिनेकडे पाहिलं, मग माझ्या शर्टाच्या खिशाकडे पाहिलं, जिथे जुन्या शर्टातून जपून आणलेल्या तिच्या सगळ्या बहिणी बसल्या होत्या. मला एकदम सगळं दिसलं. सासऱ्यांचं बूच मी उपटलं, त्या कारकुनावरच्या रागात पिना मी भिरकावल्या, त्यातली एक त्या उघड्या भोकात जाऊन आडवी पडली, आणि मी लावलेला प्रत्येक फ्यूज तिनं इमानेइतबारे उडवला. मी बोलणी खायला मान खाली घातली. पण बायको हसायला लागली. इतकी हसली की स्टिअरिंगवर डोकं टेकवलं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पाणी हसण्याचं होतं की आणखी कशाचं ते मी विचारलं नाही.

"आता फ्यूज लावा," डोळे पुसत ती म्हणाली.

मी खिसे चाचपले. होते नव्हते तेवढे सगळे उडवून बसलो होतो. आणि तपासनीस आमच्या पुढच्या गाडीपर्यंत आला होता.

त्या क्षणी, सांगायला अभिमान वाटतो, माझ्या विद्येचा उपयोग झाला. "रेडिओ!" मी ओरडलो, आणि पांढऱ्या शर्टासकट क्लचखाली बुडी मारली. कुठला फ्यूज कशाचा, हे त्या मैदानात माझ्याइतकं कोणालाच पाठ नव्हतं. रेडिओचा निळा फ्यूज उपटला, हॉर्नच्या घरात बसवला आणि श्वास रोखून वाट बघितली. टक् झालं नाही. धूरही आला नाही. बायकोनं बूच भोकात ठोकलं, ते सुखानं आत गेलं, आणि तिनं हॉर्नवर हात ठेवला. दोनदा आखूड, एकदा लांब. तपासनिसाच्या हातातली पाटी पडली.

"ऐकू आलं," तो पाटी उचलत म्हणाला. त्यानं दिवे बघितले, ब्रेक बघितले, वायपरनं काचेवरची उरलीसुरली भुकटी त्याच्या तोंडावर उडवली तेही बघितलं. मग आत वाकून त्यानं बुचावर बोट ठेवलं. "हे काय?"

"बाबांनी लावलंय," बायको म्हणाली.

"कशासाठी?"

"घरातल्या पुरुषांसाठी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी क्लचपाशीच होतो. त्यानं सहानुभूतीनं मान हलवली आणि पास अशी खूण केली.

मी दोऱ्याचा टॅग लावलेला गठ्ठा घेऊन खिडकीशी गेलो. कारकुनानं तो उचलला आणि पुन्हा तेच दोन बोटांत लटकवणं. "टॅग बंद झाले. कालपासून नवीन आदेश. यू-पिन लावून द्या."

मी त्याला काय बोलणार होतो ते छापण्यासारखं नाही. पण बायकोनं मागून हात पुढे केला आणि तीच ती भोकातली पिन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. "ही लावा," ती म्हणाली, "ही फार कामाची आहे." आमच्या गठ्ठ्यात ती पिन आता सरकारजमा आहे. तिथे तिनं काय काय उडवायचं ते उडवावं.

परतताना मी आत सरळ बसलो होतो, खिडकीची काच वर करून. रेडिओ बंद होता, पण बायकोच गुणगुणत होती. आमच्या गल्लीत वळलो तर फाटकासमोर एक ट्रक आडवा लावलेला. भंगारवाला. त्याच्या शेजारी आमच्याकडे पाठ करून मेहुणा उभा, एका हातानं ट्रकवाल्याला आमची जागा दाखवतोय, दुसऱ्या हातात सिगारेट. निकालाचीही वाट न बघता आला होता. मेहुणा म्हणजे आता पोट सुटलेला, टक्कल पडलेला, स्वतःच्या कंपनीत लोकांना उभं-आडवं झापणारा माणूस.

बायकोनं गाडी थांबवली. माझ्याकडे पाहिलंही नाही. तिनं हॉर्न दाबला, दोनदा आखूड आणि एकदा लांब.

मेहुण्यानं सिगारेट फेकली, ती शेजारच्या कुंडीत जाऊन पडली. दोन्ही हात मागे लपवले, पोट आत घेतलं, आणि आमच्याकडे वळता वळता तोंडातून निघालं, "नाही, बाबा, मी नाही..."

मग त्याला गाडीत ताई दिसली. तो तसाच उभा राहिला, हात मागेच. बघता बघता त्या पोट सुटलेल्या माणसाचे डोळे भरून आले. बायकोनं खिडकीतून मान बाहेर काढली.

"पास झाली रे," ती म्हणाली. "ट्रक काढायला सांग. गाडी आत घ्यायचीय."